सत्काराला उत्तर

माझा सत्कार झाला तेव्हा मी नापास होते. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं, कारण वाचणाऱ्याला वाटेल की ही गंमत करते आहे. मला गंमत करता येत नाही. आमच्या घरात ती करावी लागतही नसे. आपोआप होत असे आणि आम्ही सगळे ती अतिशय गंभीरपणे पार पाडत असू. म्हणून जसं झालं तसंच लिहिते.

बाबा हायस्कूलमध्ये शिपाई. गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, मालगुंडच्या बाजूला. शाळेतली मुलं बाबांना मामा म्हणायची, मुलांचं ऐकून शिक्षक मामा म्हणायला लागले, आणि पुढे मुख्याध्यापकसुद्धा मामाच म्हणायचे. वीसेक वर्षं बाबांनी घंटा दिली, वर्ग उघडले, रोजचा सुविचार फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिला, आणि शाळेतला प्रत्येक समारंभ मागच्या बाजूने पाहिला. मागच्या बाजूने म्हणजे हारांचं तबक हातात धरून, पाहुण्यांच्या खुर्चीमागे उभं राहून. पुढे बसलेल्या माणसांना फक्त आपापला भाग ठाऊक असतो. बाबांना सगळा समारंभ ठाऊक होता. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं मनोगत, सत्कार, सत्काराला उत्तर, अध्यक्षीय भाषण आणि शेवटी आभार. ही ओळ त्यांच्या अंगात इतकी भिनली होती, की घरातसुद्धा दुसऱ्या कुठल्या पद्धतीने आनंद करता येतो हे त्यांना पटत नसे.

"जा क्रमानं झाला नाय, ता नुसता झाला," ते म्हणायचे. "साजरा झाला नाय."

त्यामुळे आमच्याकडे सगळं क्रमाने व्हायचं. धाकट्या बहिणीला सायकल आली, तेव्हा तिचा सत्कार झाला. आईला गॅसची शेगडी आली, तेव्हा आईचा झाला, आणि सिलिंडरला हार घातला. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही. आमची म्हैस पहिल्यांदा व्याली, तेव्हा बाबांनी तिच्या पाठीवर शाल टाकली, आणि प्रास्ताविक चालू असताना तिने पुष्पगुच्छ खाऊन टाकला. आईने ती शाल तीन वेळा धुतली. कारण घरात शाल एकच होती. ट्रंकेतून डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट निघायची, ज्याचा सत्कार असेल त्याच्या खांद्यावर दहा मिनिटं बसायची आणि परत ट्रंकेत जायची. सत्काराचा नारळ तर आई हातातून काढूनच घ्यायची, कारण तो संध्याकाळच्या आमटीला लागायचा.

एकदा बहिणीच्या वाढदिवसाला बाबांनी कार्यक्रमपत्रिकेत दोन मिनिटं स्तब्धता घातली. त्या महिन्यात शाळेच्या संस्थेचे कुणी जुने पदाधिकारी वारले होते आणि शाळेत प्रत्येक कार्यक्रमाआधी स्तब्धता पाळत होते. आम्ही कुणीच त्या गृहस्थांना पाहिलेलं नव्हतं. तरी आम्ही शिऱ्याच्या ताटाभोवती माना खाली घालून दोन मिनिटं उभे राहिलो, आणि बहिणीने हळूच विचारलं, "आता त्यांचा जाऊन झाला काय?"

आईचे वडील, म्हणजे आजोबा, शेजारच्याच वाडीत राहायचे. ते आमचे कायमचे प्रमुख पाहुणे. जन्मभर बोटीवर खलाशी होते आणि त्यांच्याकडे एक काळा कोट होता. एवढ्यावर त्यांची निवड झाली होती. भाषण एकच. एडनच्या बंदरापुढे वादळ झालं, सगळी बोट ओकत होती, पण हे ओकले नाहीत, म्हणून कप्तानाने त्यांच्याशी हात मिळवला. शेवटचं वाक्य ठरलेलं: "सत्कारमूर्तीनं असंच यश मिळवत राहावं अशी मी सदिच्छा देतो." म्हशीलाही त्यांनी हीच सदिच्छा दिली होती.

मी बारावी होऊन रत्नागिरीला कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आई चौथी शिकलेली, बाबा सातवी. सायन्स घेतलं, कारण दहावीला चांगले मार्क असणाऱ्याने सायन्सच घ्यायचं असतं असं सगळे म्हणत होते आणि नाही म्हणायला लागणारी माहिती आमच्यापैकी कुणाकडे नव्हती. रोज सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. गणिताच्या तासाला सर फळा भरून पुसत तेव्हा मी पहिल्याच ओळीवर असायचे. हात वर करावा असं मनात यायचं. पण माझ्या पुढे बसलेल्या मुली माना डोलवत असायच्या, आणि मला वाटायचं, मी विचारलं तर सगळ्यांचा वेळ जाईल.

दोन हजार एक सालचा मे महिना. निकाल लागायच्या दिवशी बाबांनी शाळेच्या फोनवरून कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला आणि तिथल्या शिपायाला मागून घेतलं. ओळख काही नव्हती. पण शिपायाला शिपाई परका नसतो असं बाबांचं मत, आणि ते खोटं नसावं, कारण त्या माणसाने फोन तसाच धरून ठेवायला सांगितला, बोर्डापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "नंबर आहे."

आमच्या शाळेत बोर्डावर नंबर असला की मुलगा पास. नापास मुलाचा नंबर लागतच नाही. तो लावू नये एवढी माणुसकी शाळेत आहे. बाबांनी स्वतः खळ लावून अशा कितीतरी याद्या चिकटवल्या होत्या. त्यामुळे 'नंबर आहे' एवढं ऐकल्यावर पुढे काही विचारायचं त्यांना सुचण्याचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मार्कलिस्ट आणायला गेले, तेव्हा बोर्डावर दोन याद्या होत्या. पहिली पास झालेल्यांची. दुसरी एटीकेटीची, म्हणजे ज्यांचा एखादा विषय राहिला आहे पण ज्यांना तो विषय डोक्यावर घेऊन पुढच्या वर्षात बसता येतं, त्यांची. माझा नंबर दुसऱ्या यादीत होता. गणिताच्या एका पेपरात पस्तीस हवे होते, मला सव्वीस होते.

मार्कलिस्ट देताना कॉलेजचे शिपाईकाका हसून म्हणाले, "तुझ्या वडलांचा काल फोन होता. सांगितलं मी, नंबर आहे म्हणून. किती खूश झाले! माझे आभारच मानायला लागले, संपेचनात."

मी त्यांना थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

येताना एसटीत मी वाक्य तयार केलं. 'बाबा, माझा एक विषय राहिला आहे, पण मला पुढे जाता येणार आहे.' मग वाटलं, उलटं सांगावं. आधी पुढे जाता येणार आहे ते. निवळीचा फाटा येईपर्यंत उलटं चांगलं वाटत होतं, पुढे परत सुलटं चांगलं वाटायला लागलं. घराच्या वळणावर आले तर आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, शाळेची बाकं होती. आठ बाकं, दोन रांगांत. पडवीच्या भिंतीवर शाळेने टाकून दिलेला एक फळा बाबांनी पूर्वीच आणून बसवला होता. त्यावर रंगीत खडूंनी, भोवती वेलबुट्टी काढून लिहिलं होतं: 'प्रथम वर्ष विज्ञान परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक सत्कार. रविवार, सकाळी दहा वाजता.' त्याखाली अध्यक्ष म्हणून आजोबांचं नाव. आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरात, प्रमुख पाहुणे: माननीय मुख्याध्यापक.

बाबा शिडीवर होते. आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होते.

"बाबा," मी म्हटलं.

"सर येणार हायत," बाबा वरूनच म्हणाले. "मी म्हटलं, सर, आमच्याकडं या. ते म्हणाले, येतो. एकदाच विचारला, एकदाच म्हणाले."

"बाबा, मला काहीतरी सांगायचं आहे."

"सत्कारमूर्तीनं आधी बोलायचा नसता. ती सुतळी दे बघू."

मी सुतळी दिली.

आई चुलीपाशी फणसाचे गरे चिरत होती. तिला मी सगळं सांगितलं, दोन्ही याद्यांसकट. तिने विळी आडवी केली आणि बराच वेळ हाताचा चीक तेल लावून पुसत बसली.

"ते वीस वर्षं त्या सरांच्या खुर्चीमागं उभे हायत," ती म्हणाली. "पयल्यांदा त्यांना आपल्या दारात खुर्ची मांडतायत. सगळ्या वाडीला सांगून आले. तू आता जाऊन सांगणार?"

"मग नको सांगू?"

"मी कुठं नको म्हटला? पण सांगायचा तर सर यायच्या आधी सांग. त्यांच्यासमोर तुज्या बापसाची शोभा झाली ना, तर ते परत त्या शाळेत मान वर करून घंटा द्यायचे नायत."

"तू सांगतेस?"

"मी सिलिंडरच्या सत्कारालाबी काय बोलले नाय," आई म्हणाली आणि विळी परत सरळ केली.

पुढचे तीन दिवस मी बाबांच्या मागे होते आणि बाबा तोरण, समई, बाकं आणि खुर्च्यांच्या मागे होते. एकदा मी त्यांना विहिरीवर गाठलं. 'बाबा, तो निकाल...' एवढं म्हटलं, तर ते म्हणाले, "मार्कलिस्ट दाखवू नको. मी पाकिटात घालून ठेवणार, सर वाचणार. आधी बघितली की मजा जाते." मार्कलिस्ट माझ्याच पिशवीत होती. ती मी दिली नाही आणि त्यांनी परत मागितली नाही. पाकीट मात्र त्यांनी आणलं, त्याच्यावर माझं नाव लिहिलं आणि समईशेजारी ठेवलं, रिकामंच.

आजोबांचं वेगळंच चाललं होतं. प्रमुख पाहुण्याच्या जागेवरून त्यांना अध्यक्ष केलं होतं, आणि ही बढती आहे हे त्यांना कुणी पटवून देऊ शकत नव्हतं.

"जावयबापू, मी इतकी वर्षं पाहुणा. आता मी कोण?"

"आबा, अध्यक्ष पाहुण्यापेक्षा मोठा."

"मग अध्यक्षाला शेवटी का बोलवतात? तोवर माणसं चहाच्या वासानं उठतात."

शनिवारी संध्याकाळी रंगीत तालीम झाली. बाबा मुख्याध्यापक झाले. वळणापासून चालत आले, चपला काढल्या, आईने पाय धुवायला पाणी दिलं, आणि खुर्चीपाशी आल्यावर बाबा थांबले. बसावं की नाही हे त्यांना कळेना. तालमीतसुद्धा ते सरांच्या खुर्चीवर बसले नाहीत, खुर्चीच्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "समजा, मी वर हाय." बहीण सातवीत होती, सूत्रसंचालन तिच्याकडे. तिने वहीत बघून जाहीर केलं, "आता सत्कारमूर्ती सत्काराला उत्तर देतील."

मी उभी राहिले. माझ्या मनात आलं, हीच वेळ आहे. सर नाहीत, माणसं नाहीत.

"मला सांगायचं आहे की..."

"थांब थांब," बाबा म्हणाले. "तालमीत उत्तर द्यायचा नसता. उत्तर जाग्यावर सुचला पायजे. तू नुसता म्हण 'इथे उत्तर' आणि बस."

"पण बाबा..."

"म्हण."

"इथे उत्तर," मी म्हटलं आणि बसले.

रविवारी सर पावणेदहालाच आले, स्कूटरवरून. आमच्या घरी ते शाळेतल्यापेक्षा लहान दिसत होते. मला वाटतं, तेही बुजलेले होते. आपल्या शिपायाच्या घरी पाहुणा म्हणून कसं वागायचं याची त्यांनाही तालीम नव्हती. बाबांनी त्यांना खुर्ची दिली आणि सवयीने लगेच खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले. सर मान मागे वळवून त्यांच्याशी बोलायचे, बाबा जागा बदलायचे, सर दुसऱ्या बाजूने वळायचे. शेवटी सरांनी नाद सोडला आणि समोर बघत बोलायला लागले.

बाकांवर वाडीतली पंचवीस-तीस माणसं होती. मोठी माणसं शाळेच्या बाकांत अडकून बसली होती, गुडघे वर आले होते. शेजारच्या काकी पहिल्या बाकावर. वाऱ्याने समई तीनदा विझली. चौथ्या वेळी सरांनी नुसतीच काडी वातीजवळ नेली आणि बाबांनी "पेटली" असं जाहीर करून टाळ्या वाजवल्या. बहिणीने स्वागतगीत म्हटलं. ते शाळेचंच होतं, त्यामुळे त्यात 'या विद्यामंदिरी' असं दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा काकींनी मागे वळून आमच्या गोठ्याकडे बघितलं.

मग सर बोलले. त्यांनी माझ्याबद्दल थोडं सांगितलं, बाबांबद्दल जास्त. म्हणाले, मामांची घंटा कधी चुकली नाही. म्हणाले, मामा गेले चार दिवस शाळेत भेटेल त्याला, अगदी पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही, मुलगी पास झाली म्हणून सांगत आहेत. सगळे हसले. बाबा खुर्चीमागे उभे राहून जमिनीकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. सर शेवटी म्हणाले, "या घराला नापास हा शब्द माहीत नाही." टाळ्या झाल्या. आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

सरांनी शाल घातली, नारळ दिला. पाकीट उघडलं, आत बोट फिरवलं, बाबांकडे बघितलं, आणि सभ्यपणे परत बंद करून मला दिलं.

"आता सत्कारमूर्ती सत्काराला उत्तर देतील," बहीण म्हणाली.

मी उभी राहिले. शाल जड होती आणि मे महिना होता. मला अजूनही खात्रीने सांगता येत नाही की मी तेव्हा बोलले ते धाडस होतं की बाबांच्या क्रमातच बोलायची वेळ आली म्हणून बोलले. गेले चार दिवस ते मला 'तुझी वेळ आली की बोल' म्हणत होते. ही माझी वेळ होती, दुसरी मिळणार नव्हती. पण सर तिथे बसलेले होते.

"मी पास झालेले नाही," मी म्हटलं. "माझा गणिताचा पेपर राहिला आहे."

एक कोंबडी बाकांच्या मधून चालत गेली आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघावं हे कळत नव्हतं.

बाबा खुर्चीमागून पुढे आले. त्या दिवसात पहिल्यांदाच पुढे आले.

"नंबर बोर्डावर व्हता ना?" त्यांनी विचारलं.

"होता. दुसऱ्या यादीत."

"किती याद्या असतात?"

"कॉलेजात दोन असतात."

बाबा सरांकडे वळले. "आपल्याकडं एकच असते."

"एकच असते, मामा," सर म्हणाले. "आपल्याकडे एकच."

हे त्यांनी अशा आवाजात म्हटलं की चूक कॉलेजची आहे असं कुणालाही वाटावं.

"मग शाल काढायची काय आता?" काकींनी विचारलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. खरोखरच पेच पडला होता. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, नारळाला हळदकुंकू लागलंय, तो परत घेत नाहीत. दुसरा म्हणाला, मग नारळ राहू दे, शाल तेवढी काढा. आजोबा म्हणाले, "अध्यक्षाला विचारा, अध्यक्ष मी हाय." त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला काय म्हायत?"

तेव्हा सर उभे राहिले. घसा साफ करून म्हणाले की शाळेच्या इतक्या वर्षांच्या कामकाजात एकदा झालेला सत्कार रद्द करण्याची तरतूद त्यांच्या पाहण्यात नाही. सबब सत्कार झालेला आहे असं धरावं. मग मला विचारलं, "कुठलं गणित राहिलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "माझा विषय इतिहास," आणि खाली बसले.

"वरच्या वर्गात बसायला देणार काय तुला?" बाबांनी विचारलं.

"देणार. हा पेपर परत द्यायचा."

बाबा फळ्याकडे गेले. फळ्यावर खोटं राहू द्यायचं नाही हा त्यांचा नियम. शाळेत तारीख बदलायची राहिली तर ते सुट्टीच्या दिवशीसुद्धा जाऊन बदलून येत. त्यांनी तळहाताने 'उत्तीर्ण झाल्याबद्दल' पुसलं. खडू घेतला. त्या जागेत काय मावेल याचा अंदाज घेत थोडा वेळ थांबले. मग तशाच वळणदार अक्षरात लिहिलं: 'प्रथम वर्ष विज्ञान परीक्षा एक विषय सोडून हार्दिक सत्कार.' वेलबुट्टीला धक्का लागू दिला नाही. हात झटकून बहिणीला म्हणाले, "पुढचा घे."

"अध्यक्षीय भाषण," बहीण म्हणाली.

आजोबा उठले, कोटाचं बटण लावलं, आणि एडनला गेले. वादळ झालं, बोट ओकली, हे ओकले नाहीत, कप्तानाने हात मिळवला. एक अक्षर बदललं नाही. "सत्कारमूर्तीनं असंच यश मिळवत राहावं अशी मी सदिच्छा देतो," म्हणून बसले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही.

आभार बाबांनी मानले. सरांचे मानले, अध्यक्षांचे, वाडीचे, बाकं दिल्याबद्दल शाळेचे, रत्नागिरीहून फोनवर तसदी घेणाऱ्या कॉलेजच्या बंधूंचे. आमच्याकडे आभारात सत्कारमूर्तीचं नाव शेवटी यायचं. म्हशीचंही आलं होतं. त्या दिवशी माझं आलं नाही. बाबांनी कागदाची घडी केली आणि चहा आणायला आत गेले.

दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. रागावले होते असं नाही. मी समोर आले की ते घरातलं काहीतरी उचलून दुसरीकडे ठेवायचे.

सोमवारी सकाळी बाकं शाळेत पोचवायची होती. बाबांनी एका बाकाची एक बाजू धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती बाजू धर." शाळा फार लांब नाही, पण जांभ्या दगडाची चढण आहे. अर्ध्या चढावर त्यांनी बाक खाली ठेवलं, आम्ही त्याच्यावरच बसलो.

"आधी सांगायचा व्हतास," ते म्हणाले.

"तुम्ही थांबत नव्हता."

त्यांनी विचार केला. "व्हय," ते म्हणाले. "मी थांबत नाय."

मग विचारलं, "लय अवघड असता काय ता?"

"पहिल्या ओळीपासून कळत नाही."

"मग पयल्या ओळीलाच हात वर करायचा. मी वर्गात खडू न्यायला जायचो ना, तेव्हा बघायचो. जा पोर हात वर करता, त्याला सर ओरडतात, पण सांगतात."

समोरून पोस्टमन सायकल हातात धरून चढ उतरत येत होते. रविवारी ते नव्हते. "काय मामा! अभिनंदन! ऐकलं, मुलगी पास!"

मी अंग चोरलं. बाबा उठून उभे राहिले, शाळेत सूचना वाचतात तसे.

"एक विषय राहिलाय," ते म्हणाले. "गणित. वरच्या वर्गात बसायला मिळणार हाय."

पोस्टमन म्हणाले, "असं होय," आणि पुढे गेले.

दुसऱ्या बाकाच्या वेळी दुकानदाराला सांगितलं. तिसऱ्या बाकाच्या वेळी, सुट्टीतसुद्धा ऑफिसात येऊन बसलेल्या क्लार्कला. चौथ्यापासून ते कुणी विचारायची वाट बघेनासे झाले. माणूस दिसला की बाक खाली, पाठ सरळ, "एक विषय राहिलाय." प्रत्येक वेळी तेच शब्द, त्याच क्रमाने. मी आधी खाली बघत होते. सहाव्या बाकापर्यंत मला त्याची सवय झाली, आणि 'गणित' हा शब्द यायच्या आधी मी बाक खाली ठेवायला लागले.

शेवटचं बाक नेताना एक मासेवाली टोपली डोक्यावर घेऊन वर आली. ती आमच्या वाडीतली नव्हती. बाजारचा दिवस बघून लांबून आली असावी. बाबांनी बाक टेकवलं.

"एक विषय राहिलाय," ते तिला म्हणाले. "गणित. वरच्या वर्गात बसायला मिळणार हाय."

तिने टोपली उतरवली, माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. "बरा झाला बाबा," ती म्हणाली. "बांगडे देऊ काय? ताजे हायत."

"घरी हिची आई हाय, तिला विचारा," बाबा म्हणाले, आणि मला म्हणाले, "उचल गो. ऊन चढतंय."